रोज रात्री नऊला नेट का झोपतं? रीस्टार्ट करून थकलेल्यांसाठी

लातूरला खाडगाव रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. खाली माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, वर सात खोल्या, खोलीत दोघं याप्रमाणे चौदा पोरं. सगळी नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी. भाड्यात लाईट, पाणी आणि वायफाय धरलेलं. लाईट गेली तर पोरं गॅलरीत येऊन गप्पा मारतात. पाणी संपलं तर टँकर येईपर्यंत थांबतात. नेट गेलं की मात्र अर्ध्या मिनिटात जिन्यावर चपला वाजतात.

"काकू, नुसतं गोल फिरूलालंय बगा."

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. काल तीच वेळ, परवाही तीच. मग मी जिन्याखालच्या राउटरची पिन काढायची, मनात दहापर्यंत मोजायचं, परत लावायची. बत्त्या लुकलुकायच्या, पोरं वर जायची. दहा-पंधरा मिनिटं बरं चालायचं. की परत चपला.

हे दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षात मी एकदा कंपनी बदलली, एकदा प्लॅन वाढवला, अठराशे रुपयांचं सिग्नल वाढवायचं यंत्र आणलं आणि दोन पोरांना "रात्रभर सिनेमे बघता" म्हणून बोलले. शेवटी कळलं की दुखणं एक नव्हतंच. चार होती, प्रत्येकाची येण्याची वेळ वेगळी, आणि मी चारींवर एकच गोळी देत होते. ज्यांचं नेट रोज ठरावीक वेळेला मरतं त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतेय. मी इंजिनिअर नाही, पण वही ठेवायची सवय दुकानामुळे आहे.

आधी त्या रीस्टार्टचं सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच होतो. राउटर बंद केला की चौदाच्या चौदा मोबाईलची चालू असलेली डाउनलोडं एकदम तुटतात. चालू केल्यावर जो आधी जोडला जातो त्याला सगळा रस्ता मोकळा मिळतो. शिवाय राउटरच्या डोक्यात साठलेल्या शेकडो जोडण्या पुसल्या जातात आणि कधीकधी तो वायफायचा चॅनेलही बदलून घेतो. म्हणून बरं वाटतं. आणि असं तीन-चारदा करेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, गल्लीतली गर्दी आपोआप ओसरते, आणि आपल्याला वाटतं, आपण पिन काढली म्हणून झालं. कस्टमर केअरवाले पहिलं वाक्य "राउटर बंद करून चालू करा" असंच का म्हणतात, ते मला यातून उमगलं. तेवढ्यात वेळ निघून जाते.

वही

एका जुन्या लॅपटॉपला राउटरपासून थेट वायर लावून ठेवली आणि तीन नंबरच्या खोलीतल्या अहमदपूरच्या पोराला कामाला लावलं. तो पहाटे चारला उठतो, म्हणजे पहाटेचा आकडा फुकटात मिळाला. दुपारचा आणि रात्रीचा आकडा मी घ्यायची. प्रत्येक वेळी दोन मोजण्या, एक वायरवर आणि एक वरच्या खोलीत मोबाईलवर, वायफायने. प्लॅन तेव्हा १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. वहीतल्या ओळी अशा आहेत:

११ तारीख, पहाटे ४.२०: वायर ९३, वायफाय ३१.
११ तारीख, दुपारी २: वायर ९४, वायफाय ३८.
११ तारीख, रात्री ९.१५: वायर २२, वायफाय ९.
१७ तारीख, सकाळी ११: वायर कधी ९०, कधी ४, मध्येच लाल बत्ती.
२४ तारीख, पहाटे ४.३०: वायर १.९, वायफाय १.९.

बघितलं तर सगळं या पाच ओळींत आहे. पहाटे गल्ली झोपलेली असताना वायरवर ९३ आणि खोलीत ३१, म्हणजे हे ६२ घरातच कुठेतरी सांडतायत. रात्री नऊला वायरवरच २२, म्हणजे आता माझ्या घराचा संबंध नाही, बाहेर गर्दी आहे. सतराला मन मानेल तसं वर-खाली आणि लाल बत्ती, म्हणजे तारेचं काहीतरी. आणि चोवीसला भल्या पहाटेही दोनच्या आत, दोन्हीकडे अगदी सारखं, म्हणजे कोणीतरी चावी फिरवून ठेवलीय.

लातूरकरांना हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हापासून आपण सगळे पाण्याचे अर्धे जाणकार झालोय. घरातला पाइप बारीक असणं, मेन लाईनवर एकाच वेळी सगळ्यांनी मोटारी लावणं, लाईन फुटणं आणि पाणी सोडणाऱ्याने चावी बंद करणं, या चार गोष्टी वेगळ्या आहेत. नळाला पाणी नाही एवढंच सगळीकडे दिसतं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. उदगीरचे एक पालक माझ्याशी भांडले होते, "शंभरचं नेट म्हणता आणि पोराच्या मोबाईलवर बारा दिसतंय." बारा बरोबरच होतं. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभरला आठने भागा, साडेबारा. भांडायला जाण्याआधी एवढा भागाकार करून घ्या, नाहीतर माझ्यासारखी अडचण होते. मी त्या पालकांच्या बाजूने कंपनीला फोन करून बसले होते.

दुसरं, एकाच स्पीड टेस्टवर विसंबू नका. कित्येकदा टेस्ट कंपनीच्याच जवळच्या सर्व्हरशी होते, तिथपर्यंतचा रस्ता गुळगुळीत असतो. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम आणि ऊकलाची स्पीडटेस्ट, दोन्ही करा. ऊकलामध्ये सर्व्हर बदलून मुंबई किंवा पुणे निवडता येतो. दोन्हींत फार फरक आला तर तोही लिहून ठेवा.

घरातलं सांडणं

आमचा राउटर जिन्याखाली लोखंडी कपाटात होता. चोरीला जाऊ नये म्हणून मीच ठेवला होता, वर कुलूप. वायफायला लोखंडी कपाटात कोंडणं म्हणजे रांजणात तोंड घालून हाका मारणं. तो कपाटाबाहेर काढून भिंतीवर लावला तेवढ्यावरच वरच्या खोलीतले ३१ चे ४५ झाले. एक रुपया खर्च नाही.

मग गर्दी. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंती ओलांडतो, पण त्यात एकमेकांना धक्का न लागणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मी मोबाईलवर बघितलं तर आमच्या गॅलरीतून वायफायची २७ नावं दिसत होती, प्रत्येक घर पोरांना खोल्या देणारं. तीन चॅनेल आणि सत्तावीस राउटर. ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर दमतो, पण त्याच्याकडे जागा भरपूर. म्हणून वरच्या मजल्यावर एक दुसरा साधा राउटर वायर ओढून लावला, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तो फक्त वायफायने वाटतो, आणि पोरांना ५ वालं नाव दिलं. ते अठराशेचं सिग्नल वाढवणारं यंत्र मात्र घेऊ नका. ते हवेतूनच ऐकतं आणि हवेतूनच पुढे सांगतं, त्यामुळे दांड्या पाचच्या पाच दिसतात आणि वेग अर्ध्यावर येतो. आमचं आता दुकानात वजन म्हणून कागदांवर असतं.

सगळ्यात जास्त पैसा माझा गेला तो वायरीपायी. पोरं ओरडतात म्हणून १०० वरून २०० चा प्लॅन घेतला, महिन्याला जास्तीचे तीनशे, वर जीएसटी. सात महिने भरले. टेस्ट करायची तर ९४ च्या वर काटा जात नव्हता. कंपनी म्हणे तुमचा मोबाईल जुना आहे. शेवटी राउटरला उलटा करून मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं, तर त्याची वायरची खाचच १०० ची. कंपनीनेच फुकट म्हणून दिलेला डबा, आणि त्यावर त्यांनी मला २०० विकले. जरी डबा बरा असता तरी दुकानात भिंतीतून गेलेली वायर इलेक्ट्रिशियनने आठातल्या चारच तारा जोडून बसवली होती. चार तारांतून १०० च्या वर जातच नाही. तुमचा आकडा नेमका ९४-९५ वर अडकत असेल तर प्लॅनला दोष देऊ नका, खाच आणि वायर तपासा. वायरीच्या अंगावर पाच आणि त्यापुढे ई असं छापलेलं असलं आणि पिनेच्या पारदर्शक टोकातून आठही रंग दिसले म्हणजे ठीक.

जुन्या घरांचं वेगळंच. माझं माहेर औशाजवळ, दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद. ओसरीतला राउटर माजघरात पोचत नाही, ५ चं तर नावच नका घेऊ. तिथे भावाने शेवटी वायर टाकली आणि वाद मिटला.

तार

आमच्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की नेटची एक खास व्याधी येते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात, उसाचे शेंडे दोन्हीकडून आणि वरून लोंबत असतात, आणि खांबाखांबावरून झोपाळ्यासारख्या लटकलेल्या केबल त्यांत अडकतात. ट्रॉलीवाल्याला पत्ताही नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमची तार तीनदा तुटली. उरलेल्या वर्षात जेसीबी आणि वानरं आहेतच.

तुटलेली तार जोडतात ते कसं, ते बघा. फायबर म्हणजे केसाएवढी काच, त्यातून उजेड जातो. मशीनने दोन टोकं वितळवून जोडली तर उजेड जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. पण मशीन एक आणि तुटलेल्या तारा दहा, मग तार जोडायला आलेला पोरगा घाईत खटक्याचा जॉइंट मारून जातो. अशा प्रत्येक जॉइंटवर थोडा उजेड गळतो. तीन-चार झाले की राउटर कसाबसा तग धरतो आणि ऊन-थंडीनं तार जराशी ताणली की लाल बत्ती.

यावर एकच प्रश्न विचारायचा: "पॉवर किती येतेय?" तारेवाल्या पोराकडे पेनासारखं किंवा हातात मावेल असं मीटर असतं, काही राउटरच्या आतल्या पानावरही तो आकडा दिसतो. तो उण्यात असतो. उणे १८ ते २३ म्हणजे छान. उणे २७ च्या पलीकडे गेलं की भरवसा नाही. आमचा उणे २८ च्या आसपास होता. पोरगा म्हणाला, "चालतंय की काकू." मी मीटरचा फोटो काढला. फोटो काढला की माणसं वेगळं वागतात हा माझा दुकानातला अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी मशीन आली, जॉइंट नीट झाले, आकडा उणे २१ वर आला.

घरातही एक बघून घ्या. फायबरची पिवळी बारीक दोरी कपाटामागे चेमटलेली किंवा खिळ्याला गाठ मारून अडकवलेली नसावी. पाण्याची नळी पिरगाळली तर पाणी अडतं, ही पिरगाळली तर उजेड बाजूने बाहेर सांडतो. आणि तिचं हिरवं टोक काढून बोटाने किंवा पदराने पुसू नका. मी पुसलं होतं.

नऊची गर्दी

आता मुख्य दुखणं. फायबर आपल्या घरापर्यंत स्वतंत्र येते असं सगळ्यांना वाटतं. तशी येत नाही. नेटवाल्याच्या मशीनच्या एका खाचेतून साधारण अडीच हजार एमबीपीएस निघतात आणि वाटेत स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या अनेक फांद्या करणारा डबा, लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. त्याच्या मागे तो स्वतः वरच्या कंपनीकडून जेवढी लाईन विकत घेतो, ती आणखी वेगळी. हा हिशेब सगळे एकाच वेळी नळ सोडणार नाहीत या भरवशावर उभा असतो. साध्या वस्तीत तो बसतो. आमच्या गल्लीत बसत नाही. इथे घरात चार माणसं नसतात, चौदा पोरं असतात, आणि सगळ्यांचं घड्याळ एक. आठला क्लास सुटतो, साडेआठला मेस, नऊला टेस्ट सिरीज किंवा लेक्चर. अख्खी गल्ली एका मिनिटात मोटार लावते.

फोन केला तर उत्तर ठरलेलं. "लई लोड हाय काकू, सगळ्या लातूरलाच हाय." हे खरं की खोटं कसं कळणार? माझी नणंद औसा रस्त्याला राहते, तिच्याकडे त्याच कंपनीचं नेट, तोच प्लॅन. तिला म्हटलं, वहिनीसाठी तीन दिवस रात्री सव्वानऊला एक टेस्ट कर. तिच्याकडे ९१, ८८, ९०. माझ्याकडे २२, १९, २५. दोन्हींचे स्क्रीनशॉट वेळेसकट एकाखाली एक ठेवून पाठवले आणि विचारलं, आमच्या खाचेवर किती घरं आहेत? उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी माणूस आला आणि आमची जोडणी दुसऱ्या खाचेवर सरकवली. आता सव्वानऊला ७० च्या खाली जात नाही. काही वाद नाही, काही आवाज नाही, फक्त दोन घरांचे आकडे शेजारी ठेवले.

तुमच्याकडे सरकवायला जागाच नसेल तर कंपनी बदलावी लागेल, पण डोळे उघडे ठेवून. मी पहिल्यांदा बदलली तेव्हा बिलावरचं नाव बदललं, पैसे न्यायला येणारा पोरगा तोच राहिला. म्हणजे तार तीच, गर्दीही तीच. गावात बऱ्याचदा एकच केबलवाला दोन-तीन कंपन्यांची नावं चालवतो. बदलण्याआधी नव्या कंपनीची तार कुठल्या खांबावरून येते ते बघा आणि तिचं नेट असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊला चहाला जा. सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही.

चोवीस तारखेचं कोडं

आमचा प्लॅन "अनलिमिटेड". एक तारखेला रिचार्ज, आणि दर महिन्याला बावीस-तेवीस तारखेपासून नेट दिवसभर मेल्यासारखं. अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात एफयूपी असते, म्हणजे वाजवी वापराची मर्यादा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ती ३३०० जीबी असते, आमच्या प्लॅनला २००० होती. ती ओलांडली की वेग २ एमबीपीएस. २ च का? जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, म्हणून २ वर आणून ठेवलं तरी नावाला ब्रॉडबँडच. त्या वेगाने एक जीबी उतरायला तासाहून जास्त लागतो, आणि इथे तो वेग चौदा जणांत.

मी पोरांना धरलं. सिनेमे, रील, मॅच, सगळं ऐकवलं. पोरं खाली मान घालून उभी. मग अहमदपूरवाल्याने राउटरच्या पानावर कुठलं यंत्र किती खातं ते काढून दाखवलं. वरचे चार मानकरी माझे होते. जिना, गेट, गच्ची आणि दुकान, असे चार सीसीटीव्ही कॅमेरे, बसवणाऱ्याने "क्लाउडवर चोवीस तास साठवण" असं चालू करून दिलेले. हिशेब केला. एक कॅमेरा सतत १ एमबीपीएस वर चढवत राहिला तर दिवसाला १०.८ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे महिन्याला जवळजवळ १३०० जीबी. वर चढवलेलंही मर्यादेत मोजतात हे मला माहीतच नव्हतं. बावीस दिवसांत कॅमेऱ्यांनी साडेनऊशे खाल्ले, उरलेले हजारभर चौदा पोरांचे, म्हणजे माणशी रोज साडेतीन जीबीच्या आत. लेक्चर बघणाऱ्या पोराला हे काही जास्त नाही. आणि मर्यादा संपल्यावर चार कॅमेरे २ एमबीपीएसच्या बोळातून ४ एमबीपीएस कोंबायला बघत होते, म्हणून पहाटे चारलाही नेट मेलेलं.

क्लाउड बंद करून कॅमेऱ्यांना मेमरी कार्ड टाकलं. पोरांना त्या रविवारी मेसऐवजी आमच्याकडे धपाटे आणि दही.

पण खरं तर मला आधी कळायला हवं होतं. ट्रायने, म्हणजे फोन-नेटच्या कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०१६ मध्येच कंपन्यांना सांगितलंय की फिक्स्ड, म्हणजे तारेने घरात येणाऱ्या, ब्रॉडबँडमध्ये मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल गेला पाहिजे, आणि मर्यादा किती, ओलांडल्यावर वेग किती, हे आधी उघड सांगितलं पाहिजे. मला एकही मेसेज नव्हता. खोदून विचारलं तर मेसेज जात होते, केबलवाल्या पोराच्या नंबरवर. फॉर्म त्याने भरला होता, घाईत स्वतःचाच नंबर टाकून. आजच तुमच्या कनेक्शनला कोणाचा नंबर लावलाय ते तपासा. आमच्या गल्लीत पाच घरांत त्याचाच निघाला.

पैशांचं

यावर मी कमी लिहिते, कारण इथे कोडं नाही, फक्त कंटाळा आहे. जाहिरातीतले ४९९ हातात येतात तेव्हा ५८८ रुपये ८२ पैसे होतात, १८ टक्के जीएसटी. त्यात राउटरचं भाडं, ओटीटीचं पॅकेज, उशीर झाला म्हणून पुन्हा जोडण्याचे पैसे, असं काही घुसलंय का ते ओळीओळीने बघा. सहा महिने एकदम भरले की स्वस्त पडतं, पण तेवढे दिवस तुमचा हात दगडाखाली. मी नवीन कंपनीला पहिल्या महिन्याचेच पैसे देते, नऊची परीक्षा पास झाली की मग पुढचे. रोखीने दिले तर पावती घ्या. "सिस्टीमला टाकतो काकू" ही पावती नव्हे.

मोबाईलचं नेट जोडीला ठेवणाऱ्यांनी २८ दिवसांचा खेळ ओळखून असावं. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक, असे प्लॅन ठेवायला लावले. आहेत ते, पण दुकानदार आपणहून सांगत नाही. मीही रिचार्ज मारते, मीही सांगत नव्हते.

तक्रार

दारात येणारा पोरगा म्हणजे कंपनी नव्हे. बिलावर ज्या परवानाधारक कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. पोराला व्हॉट्सॲप केलं ती तक्रार होत नाही. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तिथे ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. थेट ट्रायला लिहून फार उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. "टेलिफोनच्या तक्रारी आयोगात चालत नाहीत" असं कोणी म्हणालं तर फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चालतात असं स्पष्ट केलंय हे सांगा. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मी तिथपर्यंत गेले नाही. डॉकेट नंबर, मीटरचा फोटो आणि वहीच्या पानाचा झेरॉक्स, एवढ्यावरच आमचं भागलं, आणि झेरॉक्स मला फुकट पडतो.

तक्रारीत "नेट स्लो आहे" असं लिहू नका. "११ ते १३ तारखेला रात्री ९.१५ वाजता वायरवर २२, १९, २५, पहाटे ४.२० ला ९३, प्लॅन १००" असं लिहा. पहिल्या वाक्यावर ते राउटर बंद-चालू करायला सांगतात. दुसऱ्यावर माणूस पाठवतात.

एक दुखणं अजून राहिलंय. लाईट गेली की आमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, बत्त्या हिरव्या असतात, आणि तरी नेट नसतं. कारण गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाच्या गच्चीवर केबलवाल्याची पेटी आहे, तिला बॅटरी नाही. दुकानदार म्हणतो माझ्या इन्व्हर्टरवर घेतो, महिन्याला दोनशे द्या. केबलवाला म्हणतो बॅटरी मागवलीय. दिवाळीत मागवली होती.